गोळीनं लागते ती झोपच का?

या अंकात इंदूरच्या वाचकांचे झोपेच्या गोळ्यांवरचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं निद्राविकार आणि औषधशास्त्र अशा दोन्ही बाजूंच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. गोळ्यांचा उल्लेख औषधाच्या मूळ नावानं केला आहे. स्ट्रिपवर कंपनीच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं, तेच वाचत जा.

प्रश्न : चार वर्षं झाली, रोज रात्री क्लोनाझेपाम अर्धा मिलीग्रॅम घेते. झोप लागते. पण माझी बहीण म्हणते, ही झोप नव्हे, बेशुद्धी आहे. मेंदूत नेमकं होतं काय? (शिक्षिका, वय 52, सुदामानगर)

बेशुद्धी नव्हे. बेशुद्ध माणूस दाराच्या बेलनं उठत नाही, तुम्ही उठता. मात्र गोळीशिवायच्या झोपेचा आणि या झोपेचा आलेख शेजारी शेजारी ठेवला, तर जाणकाराला फरक लगेच दिसतो.

झोपेच्या तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून रात्रभर मेंदूच्या लहरी टिपतात. तीस सेकंदांचं एक पान धरतात, म्हणजे आठ तासांची 960 पानं. डोळे मिटून जागं पडलेल्या माणसाच्या लहरी सेकंदाला 8 ते 13 असतात. पेंग आली की त्या मंदावतात. दुसऱ्या टप्प्यात ‘स्पिंडल’ दिसतात : सेकंदाला 11 ते 16 लहरींचा अर्ध्या-एक सेकंदाचा झुबका, दोन्ही टोकांना निमुळता, चातीवरच्या सुतासारखा. तिसरा टप्पा गाढ झोपेचा. तिथं लहरी संथ आणि उंच होतात, सेकंदाला दोन किंवा त्याहून कमी, उंची 75 मायक्रोव्होल्टच्या वर. तीस सेकंदांच्या पानात अशा लहरी निदान सहा सेकंद असल्या, तरच ते पान गाढ झोपेचं मोजतात. ही झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात होऊन जाते. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते.

आता गोळीचं काम. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ते पेशीवरच्या दारावर बसलं की दार उघडतं, क्लोराइड आत जातं आणि पेशी शांत होते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपीन कुळातली औषधं स्वतः ब्रेक दाबत नाहीत. गाबा आधीच दाबत असेल तिथं दार जास्त वेळा उघडायला लावतात. जुनी बार्बिट्युरेट औषधं दार जास्त वेळ उघडं धरायची आणि मोठ्या मात्रेत तर गाबाचीही वाट पाहायची नाहीत. श्वास बंद पडायचा तो त्यामुळे, आणि झोपेसाठी ती मागे पडली तीही त्यामुळेच.

हा ब्रेक फक्त झोपेच्या केंद्रात नाही. विचार करणाऱ्या सालीत आहे, आठवणी साठवणाऱ्या हिपोकॅम्पसमध्ये आहे, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आहे, पाठीच्या कण्यातही आहे. म्हणून एकाच गोळीनं झोप येते, काळजी निवते, स्नायू ढिले पडतात, पाय लटपटतात आणि रात्रीचं आठवत नाही. आलेखावर स्पिंडल वाढलेले दिसतात, दुसरा टप्पा लांबतो, गाढ झोपेच्या उंच लहरी बुटक्या आणि कमी होतात, स्वप्नांची झोप थोडी घटते. वर सगळीकडे ‘बीटा’ या जलद लहरींची बारीक झालर चढते. झोल्पिडेम हे या कुळाबाहेरचं झोपेचं औषध मुख्यतः ब्रेकच्या एकाच प्रकारावर बसतं, त्यामुळे गाढ झोपेची पानं फारशी कमी होत नाहीत. पण संगणकानं लहरींचा जोर मोजला, की तोही काहीसा उतरलेला सापडतो.

जुनाट निद्रानाशात, म्हणजे आठवड्यात निदान तीन रात्री आणि निदान तीन महिने झोपेची तक्रार असेल तर, मूळ दुखणं ब्रेकच्या कमतरतेपेक्षा न सुटणाऱ्या पहाऱ्याचं, म्हणजे रात्रीही मेंदूला जागं ठेवणाऱ्या यंत्रणेचं असतं. 2004 साली अमेरिकेत अशा रुग्णांचं झोपेतलं पेट स्कॅनिंग झालं. त्यांचा मेंदू झोपेतही निरोगी माणसांपेक्षा जास्त साखर जाळत होता, आणि जागं ठेवणारी केंद्रं झोपेत जितकी शांत व्हायला हवीत तितकी होत नव्हती. गोळी हा पहारेकरी घरी पाठवत नाही, त्याला गुंगी आणते. गोळी बंद झाली की तो तिथंच उभा सापडतो.

‘झोप लागते’ यातही एक गोम आहे. झोल्पिडेमच्या कुळातल्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा झोप सरासरी 22 मिनिटं लवकर लागते असं आलेखावर निघालं. लोकांना फायदा याहून मोठा वाटू शकतो, कारण मधली जाग आठवणीत उरत नाही. विसरलेली जाग ही न आलेली जागच वाटते.

तुमच्यासाठी कामाचं गणित असं. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मं व्हायला साधारण 30 ते 40 तास घेतं. रात्री अकराला घेतलेल्या गोळीचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग दुसऱ्या रात्री अकरालाही अंगात असतो, त्यावर नवी गोळी पडते. आठवडाभरात रक्तातली पातळी पहिल्या रात्रीच्या सुमारे अडीच पट होऊन तिथं थांबते. पहिल्या तासाला फळ्यासमोर शब्द आठवत नसेल, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी हे डॉक्टरांना सांगा. आणि हे वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. कारण पुढे आहे.

प्रश्न : चक्कर येते म्हणून आईचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला. रिपोर्टमध्ये ‘बीटा लहरी जास्त’ असं लिहिलंय. आम्ही घाबरलो आहोत. ती अल्प्राझोलाम घेते, पण ते तिथं कोणी विचारलं नाही. (वय 38, तिलकनगर)

विचारायला हवं होतं. बेन्झोडायझेपीन घेणाऱ्याच्या ईईजीत सेकंदाला 13 ते 30 वेगाच्या लहरी कपाळाच्या बाजूला वाढलेल्या दिसणं हा औषधाचा ठसा आहे, आजार नव्हे. हा ठसा डाव्या-उजव्या बाजूंना सारखा उमटतो. एका बाजूला तो ठळकपणे कमी असेल, तर मात्र त्या बाजूच्या मेंदूकडे नीट पाहावं लागतं. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजू सारख्या आहेत असं लिहिलंय का ते वाचा आणि गोळीचं नाव, मात्रा, शेवटची घेतलेली वेळ कागदावर लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.

गंमत म्हणजे औषध न घेणाऱ्या निद्रानाशाच्या रुग्णातही झोपेत बीटा थोडी जास्त सापडते, ती पहाऱ्याची. गोळीनंतरची बीटा ब्रेकची. रेघ एकच, कारणं उलटी. म्हणून नुसत्या बीटावरून गोळी लागू पडली की नाही हे ठरवता येत नाही.

‘गोळी बंद करून पुन्हा ईईजी काढू’ असं कोणी सुचवलं, तर रोजची गोळी एकदम तोडू नका. अल्प्राझोलाम अचानक तोडल्यानं फिट येऊ शकते. चक्कर आलेल्या माणसाला तपासणीपायी फिट आणण्यात काय शहाणपण?

आणि चक्करही त्याच गोळीची असू शकते. ती तक्रार गोळी सुरू होण्याआधीची की नंतरची, हे आईला विचारा.

प्रश्न : माझे मिस्टर पीथमपूरला कारखान्यात आहेत, रात्रपाळी असते. सकाळी सातला घरी येऊन नाश्ता करतात आणि झोल्पिडेम 10 मिलीग्रॅम घेतात. मागच्या महिन्यात दोनदा दुपारी उठून फ्रिजमधलं खाल्लं, एकदा गाडीची किल्ली घेऊन खाली गेले. त्यांना काहीच आठवत नाही. त्याऐवजी मेलाटोनिन चालेल का? (वय 34, राजेंद्रनगर)

ही गोळी त्यांनी आता पुन्हा घ्यायची नाही. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना आजच फोन करून हे तिन्ही प्रसंग सांगा. गोळी किती महिने चालू आहे तेही सांगा, म्हणजे बंद करताना आणखी काही लागेल का ते ते ठरवतील. झोपेत चालणं, खाणं, गाडी चालवणं या प्रकारांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2019 साली या कुळातल्या औषधांवर सर्वांत कडक चौकटीतली सूचना छापायला लावली. असं एकदा झालेल्या माणसानं ते औषध परत घेऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. मात्रा कमी करून पाहू, हा पर्याय नाही.

मेंदूत काय होतं? हातपाय हलवणारा भाग अर्धवट जागा होतो. निर्णय घेणारा आणि आठवण नोंदवणारा भाग ब्रेकखालीच राहतो. त्या वेळी माणूस उत्तरंही देतो, म्हणून घरच्यांना तो जागा वाटतो.

तुमच्या पत्रातला ‘नाश्ता करतात आणि’ हा तुकडा महत्त्वाचा आहे. रिकाम्या पोटी झोल्पिडेम रक्तात शिखराला पोचायला साधारण 1.4 तास घेतं, जेवणानंतर 2.2 तास, आणि शिखरही सुमारे पाव भागानं बुटकं. पोहे-जिलबी खाऊन गोळी घेतली की ती ‘लागत नाही’, माणूस मोबाइल बघत बसतो, कधी दुसरी घेतो, आणि गोळी चढते तेव्हा तो अंथरुणात नसतो. भानगडी बहुधा तिथं होतात. दारूचा एखादा पेगही असेल तर विचारायलाच नको.

पाळीवाल्यांचा मूळ प्रश्न घड्याळाचा असतो, तो गोळीनं सुटत नाही. परतताना गडद चष्मा, घरी आल्यावर खिडकीला जाड काळा पडदा, पाळीच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा नाही, आणि सुटीच्या दिवशीही झोपेचे निदान चार तास तेच. पाळी आठवड्याला फिरत असेल तर सकाळ-दुपार-रात्र अशी पुढे सरकती लावून घ्या, उलटी सोसत नाही. मेलाटोनिनबद्दलही विचारलंय : अंधार पडल्यावर मेंदूत सुटणारं हे संप्रेरक घड्याळ सरकवायला थोडं उपयोगी आहे, गुंगी आणायला फार नाही. अर्धा ते तीन मिलीग्रॅम पुरतं, दहाच्या गोळीनं जास्त काही मिळत नाही.

गाडीची किल्ली तोवर तुमच्याकडे ठेवा.

प्रश्न : गोळी सुरू केल्यापासून घड्याळात ‘डीप स्लीप’ वाढलेली दिसते. मग गाढ झोप कमी होते कशी? (विजयनगर)

मनगटावरच्या घड्याळाला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. गोळीनं माणूस कूस कमी बदलतो, निपचित पडतो, आणि घड्याळ त्याला गाढ झोप म्हणतं. त्या आकड्यावरून गोळीची मात्रा ठरवू नका, एवढंच.

प्रश्न : वय 67. अकरा वर्षं अल्प्राझोलाम 0.5 रोज रात्री. पूर्वी मेडिकलवाला ओळखीनं द्यायचा, आता चिठ्ठी मागतो. वैतागून दोनदा बंद केली. तिसऱ्या रात्री टक्क जाग, घाम, हात थरथरणं. पुन्हा सुरू केली. माझं दुखणं मुळातच एवढं वाईट आहे का? (रामबाग)

आजी, तो तुमच्या मूळ दुखण्याचा चेहरा नव्हता. ब्रेकवर अकरा वर्षं रोज जास्तीचा पाय असला की मेंदू जुळवून घेतो : त्या दाराची संवेदना बोथट करतो आणि चेतवणारी बाजू वर उचलतो. पाय एकदम काढला की नुसती चेतना उरते. अल्प्राझोलाम तरुण माणसात सुमारे 11 तासांत निम्मं होतं, म्हातारपणी त्याला जास्त वेळ लागतो; म्हणून त्रास दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सुरू होतो. याला उसळीचा निद्रानाश म्हणतात. तो आधीच्या निद्रानाशापेक्षा वाईट असतो, पण ओसरतो. त्याच रात्री माणूस ठरवतो, ‘मला गोळीशिवाय जमणार नाही’, आणि पुढची दहा वर्षं घेतो.

मेडिकलवाल्याचा राग धरू नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. 1 मार्च 2014 पासून दुकानदाराला चिठ्ठी पाहून, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. तुमच्या बाबतीत खरा धोका दुसराच आहे. चिठ्ठी संपून चार दिवस गोळी मिळाली नाही, तर ती अचानक तोडल्यासारखीच होते. आठवड्याची गोळी शिल्लक असतानाच डॉक्टरांकडे जा.

कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनं. पायरी दोन ते चार आठवड्यांची, आणि प्रत्येक वेळी चालू मात्रेच्या दहा ते पंचवीस टक्क्यांहून मोठी नको. 0.5 वरून पहिली पायरी 0.375, म्हणजे 0.25 ची एक आणि तिचीच अर्धी. पुढच्या पायऱ्या बारीक होत जातात. इथंच लोक चुकतात. 0.5 वरून 0.25 वर आलं की ‘निम्मं जिंकलं’ म्हणून उरलेली एकदम सोडतात. पण 0.25 वरून शून्य ही शंभर टक्क्यांची पायरी आहे. तिथं पाव-पाव गोळीनं उतरावं लागतं, किंवा डॉक्टर सावकाश उतरणाऱ्या दुसऱ्या औषधावर नेतात. एकूण सहा महिने लागले तरी चालतील, वर्ष लागलं तरी बिघडत नाही.

दुसरी चूक एक दिवसाआड घेण्याची. लवकर उतरणाऱ्या गोळीत त्यानं दर दुसऱ्या रात्री छोटी उसळी येते, आणि मेंदू हेच शिकतो की गोळीशिवायची रात्र वाईट. रोज घ्या, कमी घ्या.

कापायची कशी? मेडिकलमध्ये गोळी कापायचं प्लास्टिकचं कटर मिळतं, सुरीनं चुरा होतो. सगळी स्ट्रिप एकदम कापून डबीत भरू नका, तुकडे ओल धरतात आणि झिजतात. एक गोळी कापा, एक अर्ध आज, दुसरं उद्या. एक तुकडा मोठा झाला तरी दोन रात्रींत हिशेब जुळतो. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर असेल तर ती गोळी कापायची नाही. रात्रभर झिरपणारं औषध एकदम सुटतं.

मात्रा उतरवण्याच्या तीन-चार आठवडे आधी झोपेची वही सुरू करा. तुम्ही लिहिलंय की रात्री नऊला पडता, सकाळी सहाला उठता आणि झोप ‘जेमतेम साडेपाच तास’. म्हणजे नऊ तास पलंगावर, साडेपाच झोप, साठ टक्क्यांच्या आसपास. पलंगावरचा वेळच सहा तासांवर आणा : बारा ते सहा. दुपारी आडवं व्हायचं नाही. आठवड्याची सरासरी 85 टक्क्यांच्या वर गेली की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. साडेपाच तासांखाली मात्र जाऊ नका. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. पहिला आठवडा फार जड जातो, दिवसा डोळे मिटतात, त्या दिवसांत स्कूटर नको. फिट येण्याचा किंवा उन्मादाचा इतिहास असेल, तर ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी, ही पद्धत ज्याचा भाग आहे तो विचार-सवयी बदलण्याचा उपचार (सीबीटी-आय) द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं 2016 साली सांगितलं आहे. न सुटणाऱ्या पहाऱ्यावर काम करतो तो हा.

उतरताना चार-सहा रात्री स्वप्नं फार आणि भडक पडतील. दबलेली स्वप्नझोप परत येते. ते चालेल. भास, गोंधळ, अंगाला झटके यांपैकी काही दिसलं तर घरी बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

प्रश्न : गोळ्यांमुळे ‘मेंदूची रात्रीची सफाई थांबते’ आणि स्मृतिभ्रंश होतो असा संदेश फिरतोय. खरं आहे? (निवृत्त, वय 71, लोकमान्यनगर)

संदेशामागचा अभ्यास खरा आहे, त्याची उडी मोठी आहे. 2025 च्या जानेवारीत उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. गाढ झोपेत नॉरएपिनेफ्रिन हे रसायन संथ लयीत वरखाली होतं, त्याबरोबर रक्तवाहिन्या आकसतात-फुगतात आणि मेंदूतलं पाणी पुढे ढकललं जातं. झोल्पिडेम दिलेल्या उंदरांत ही लय आणि ते वाहणं दोन्ही मंदावले. माणसात हेच होतं असं त्यावरून म्हणता येत नाही.

उलट दिशेचाही एक अभ्यास आहे. जागेपणाचा संदेश देणाऱ्या ओरेक्सिनला अडवणारं सुवोरेक्सांट हे औषध 2023 च्या अभ्यासात 45 ते 65 वयाच्या 38 निरोगी लोकांपैकी काहींना दिलं, तेव्हा पाठीच्या कण्यातल्या पाण्यातलं अमायलॉइड, म्हणजे स्मृतिभ्रंशाशी जोडलं जाणारं प्रथिन, काही तासांपुरतं 10 ते 20 टक्के उतरलं. ही औषधं ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात, म्हणून आलेखावर झोपेची घडण कमी बिघडते. पण दोन रात्रींच्या मोजणीवरून स्मृतिभ्रंश टळतो असं कोणी म्हणालं, तर तेही उडीच.

लोकसंख्येच्या पाहण्यांत बेन्झोडायझेपीन आणि स्मृतिभ्रंश यांची जोडी कधी दिसते, कधी नाही. त्यात एक मेख आहे : स्मृतिभ्रंशाच्या आधीची काही वर्षं झोपच बिघडते, म्हणून गोळी सुरू होते. मग दोष गोळीवर जातो.

तुमच्या वयाला ज्याबद्दल शंका नाही तो धोका पडण्याचा आहे. रात्री दोनला लघवीला उठलं, ब्रेक चालू, पाय ढिले, उंबरठा अंधारात. खुब्याचं हाड तिथं मोडतं. पासष्टीनंतर ही औषधं शक्यतो टाळा असं तज्ज्ञांच्या याद्या सांगतात ते मुख्यतः यासाठी. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा आजच लावा. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर गोळीआधी त्याची तपासणी करा. ट्रामाडोलसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. दोघं मिळून श्वास मंद करतात.

प्रश्न : जायफळ घातलेलं दूध गोळीबरोबर चालेल का? गावाकडचे एक काका डोडा (अफूच्या बोंडांची टरफलं) उकळून पितात, तेही सुचवतात. (महू नाका)

चिमूटभर जायफळ चालेल, त्यानं फार काही होतही नाही. चमचा-दोन चमचे पूड मात्र विषारी आहे. उलट्या, धडधड, भास होतात. डोडा अजिबात नाही. त्यात अफूचा अंश असतो, आणि अफूजन्य पदार्थ व झोपेची गोळी एकत्र पडली की झोपेतच श्वास थांबू शकतो. काकांना झोपेची गोळी कोणी दिली असेल, तर डोड्याची गोष्ट त्यांनी डॉक्टरांपासून लपवलेली असणार. ती तुम्हीच सांगा.